कल्पित ग्रहांवरचे मिश्रधर्म: त्यातले काही खरे का वाटतात?

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या अराकिस या रखरखीत वाळवंटी ग्रहावर फ्रेमेन लोक राहतात आणि त्यांचा धर्म ‘झेनसुन्नी’ परंपरेतला आहे. एकीकडे झेन बौद्ध पंथ, दुसरीकडे सुन्नी इस्लाम, आणि हजारो वर्षांनंतर, पृथ्वीपासून कितीतरी दूर, दोहोंचा मिळून एकच प्रवाह झालेला. पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या मनात येतंच की हे जमलं कसं? लेखकाने दोन नावं घेतली, एकमेकांना चिकटवली आणि तो पुढे गेला, एवढंच आहे का?

विज्ञानकथांमध्ये असे मिश्रधर्म पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच खरोखर तेवढेच असतात: दोन नावं, एक झगा, एक मंत्र. थोडे मात्र असे निघतात की त्यांचा अनुयायी सकाळी उठून काय करत असेल, कशाला घाबरत असेल, शेजाऱ्याशी कशावरून भांडत असेल हे आपल्याला सांगता येतं. माझ्या मते हा फरक एका साध्या प्रश्नावर ठरतो. हा धर्म इथवर कोणी आणि कसा वाहून आणला? ज्या लेखकाला याचं उत्तर माहीत असतं, त्याचा धर्म उभा राहतो.

प्रश्न नीट कळायचा तर आधी पृथ्वीवर काय घडतं ते पाहायला हवं. धर्म मिसळतात तेव्हा पंडित एकत्र बसून तत्त्वज्ञानाची बेरीज करतात, असं क्वचितच होतं. बहुतेकदा माणसांना घर सोडावं लागतं, किंवा दुसरं कोणी त्यांच्यावर राज्य करायला येतं. मग सोबत नेता येतं किंवा लपवता येतं तेवढंच उरतं. देऊळ नेता येत नाही, प्रार्थना नेता येते. ग्रंथ जाळला जातो, गाणं जिभेवर राहतं. नव्या जागी ओळखीची वाटणारी एखादी मूर्ती सापडते, एखादा सण सापडतो, आणि जुनी श्रद्धा त्याच्या आश्रयाला जाते. चीनमधल्या शीआन इथे इ.स. ७८१ चा एक शिलालेख आहे. ख्रिस्ती धर्म ६३५ मध्ये चीनमध्ये कसा पोचला, त्याची हकिगत त्यावर कोरली आहे. माथ्यावर क्रूस आहे आणि तो कमळावर उभा आहे. मजकुरात ख्रिस्ती शिकवण आहे, पण ती सांगायला घेतलेली शब्दसंपत्ती बौद्ध आणि ताओ परंपरेची. परक्या देशात बोलायचं तर तिथल्या लोकांना कळेल असंच बोलावं लागतं, आणि त्या बोलण्याने आपलाही अर्थ हळूहळू सरकतो.

जपानमधलं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. तिथे १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले गेले, मारले गेले. मागे राहिलेले श्रद्धाळू वरकरणी बौद्ध म्हणून जगू लागले आणि घरात, चोरून, आपली उपासना करत राहिले. करुणेची देवता कान्नोन हिची बाळ घेतलेली मूर्ती ते समोर ठेवत. बाहेरच्याला ती बौद्ध मूर्ती दिसे, घरच्यांना त्यात मेरी दिसे. प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण त्यातले लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द कोणाला कळत नव्हते. मुलं बापाकडून नुसता ध्वनी शिकत होती.

दोन शतकं अशी गेल्यावर बायबलच्या कथांचं काय होतं, हे त्यांच्यातल्या एका हस्तलिखितावरून कळतं. स्वर्ग आणि पृथ्वीच्या आरंभाची ही कथा आहे. त्यात मेरी राहते रोसोन नावाच्या देशात. रोसोन म्हणजे फिलिपिन्समधलं लुझोन बेट, जिथून जहाजं येत असत. तिथला राजा तिला मागणी घालतो, ती नकार देते आणि ऐन उन्हाळ्यात बर्फ पडतं. येशूला शिक्षा देणाऱ्या पाँटियस पायलट या एका माणसाची तर दोन माणसं झाली आहेत, पोन्शा आणि पिरोतो, दोघेही दुष्ट राजाचे सरदार. नाव दोन शब्दांचं, ते लिहून ठेवायला ग्रंथ नाही, समजावून सांगायला पाद्री नाही. मग ऐकणाऱ्याने दोन माणसं कल्पिली, यात नवल काय?

हे बारकावे कोणी ठरवून घडवले नाहीत, म्हणूनच ते खरे वाटतात. १८६५ मध्ये नागासाकीत परदेशी पाद्र्यांनी नवं चर्च बांधलं तेव्हा या लोकांपैकी काही जण तिथे आले आणि आपली श्रद्धा तुमच्यासारखीच आहे असं म्हणाले. १८७३ मध्ये बंदीही संपली. त्यानंतर बरेच जण कॅथलिक चर्चमध्ये परतले, पण सगळे नाही. काहींच्या लेखी आजोबा-पणजोबांनी जीव धोक्यात घालून जपलेलं होतं तोच धर्म होता, आणि पाद्री शिकवत होते ती वेगळीच गोष्ट. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने हा शेवटचा भाग दोनदा वाचावा. हरवलेल्या वसाहतीला मूळ ग्रहाचं जहाज पुन्हा सापडतं अशा कथा ढीगभर आहेत. त्यात बहुतेक वेळा वसाहतवाले आनंदाने धावत येतात. न येणारे लोक कथेला जास्त खोली देतात.

आता पुन्हा फ्रेमेन लोकांकडे. हर्बर्ट यांनी बंदीच्या जागी ताऱ्यांमधली अंतरं ठेवली आणि दोन शतकांच्या जागी कित्येक सहस्रकं. फ्रेमेनांचे पूर्वज एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हाकलले गेलेले, गुलाम म्हणून नेले गेलेले भटके आहेत. त्यांच्या सामुदायिक आठवणीत एक आक्रोश शिल्लक आहे: आम्हाला हजला जाऊ दिलं नाही. यात्रा करणं आता शक्यच नाही, पण यात्रा नाकारल्याची जखम पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. अख्खा धर्म कसा प्रवास करत आला, हे या एका तक्रारीतून कळतं. सिद्धान्त समजावणारी पानं लिहूनही हे साधलं नसतं.

त्यावर अराकिसची भूमी स्वतःची भर घालते. तिथे पाऊस नाही. माणूस मेला की त्याच्या देहातलं पाणी टोळीचं होतं. स्टिलगार हा फ्रेमेनांचा नायक, अराकिसवर राज्य करायला नव्याने आलेल्या ड्यूकच्या सभेत येतो आणि टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं चवताळतात, तेवढ्यात त्यांच्यातलाच डंकन आयडाहो, जो फ्रेमेनांमध्ये राहून आला आहे, देहातला ओलावा भेट दिल्याबद्दल स्टिलगारचे आभार मानतो. पुढे ड्यूकचा मुलगा पॉल द्वंद्वात जामिस नावाच्या फ्रेमेनला मारतो आणि त्याच्या अंत्यविधीत रडतो, तेव्हा सगळे थक्क होऊन बघत राहतात: हा मेलेल्याला पाणी देतो! ना झेन, ना सुन्नी, हा विधी कोणत्याच मूळ परंपरेत नाही. तो तहानेतून आलेला आहे. मिश्रधर्माला दोन आईबाप असतात असं आपण धरून चालतो, पण जमीन हा तिसरा वाटेकरी प्रत्येक वेळी असतोच, आणि कमी ताकदीचे लेखक नेमकं त्यालाच विसरतात.

‘ड्यून’मध्ये दुसऱ्या प्रकारचं मिश्रणही आहे, वरून ठरवून केलेलं. कादंबरीच्या परिशिष्टात एका आयोगाची हकिगत येते. सगळ्या मोठ्या धर्मांचे प्रतिनिधी पृथ्वीवरच्या एका बेटावर जमतात. ‘साक्षात्कार फक्त आमच्याकडे आहे’ हा दावा सगळ्यांच्या हातून काढून घ्यायचा, हा त्यांचा हेतू. वर्षानुवर्षं खपून ते एक समाईक ग्रंथ तयार करतात, ऑरेंज कॅथलिक बायबल. तो बाहेर येताच दंगली होतात. काही प्रतिनिधींना जमाव ठार मारतो, अनेक जण आपला शब्द मागे घेतात. हर्बर्ट यांची समज इथे दिसते. सर्वांना मान्य व्हावं म्हणून लिहिलेल्या ग्रंथात प्रत्येकाला आधी दिसतं ते आपलं काय गाळलं ते.

इतिहासातही असे प्रयत्न झाले. अकबराने १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीला इबादतखाना उभारून वेगवेगळ्या धर्मांच्या जाणकारांना वाद-चर्चेला बोलावलं, आणि १५८२ च्या सुमारास दीन-ए-इलाही सुरू केला. त्याचे अनुयायी मूठभर दरबारी लोक होते. काही इतिहासकार तर त्याला धर्म न म्हणता बादशहाभोवतीची शिष्यमंडळी म्हणतात. बादशहा गेला आणि तो मार्गही विरला. उलट इजिप्तवर राज्य करणाऱ्या पहिल्या टॉलेमीने पुढे आणलेला सेरापिस हा देव शतकानुशतकं टिकला आणि रोमपर्यंत पोचला. अलेक्झांड्रियातलं त्याचं मोठं मंदिर इ.स. ३९१ च्या सुमारास पाडलं गेलं. ठरवून घडवलेला देव टिकला कसा? कारण तो कोऱ्या पाटीवर काढलेला नव्हता. मेम्फिसमध्ये ओसिरिस आणि एपिस बैल यांची एकत्र उपासना आधीपासून चालू होती. राजाने तिला दाढीवाल्या ग्रीक देवाचा चेहरा दिला, डोक्यावर धान्याचं माप ठेवलं आणि राहायला भव्य घर दिलं. लोक जात होते त्याच वाटेवर त्याने देव बसवला.

ऑरेंज कॅथलिक बायबलचंही कादंबरीत पुढे असंच काहीसं होतं. आयोगाचा मोठा हेतू बाजूला पडतो, पण पुस्तक उरतं. ड्यूकच्या घरचा डॉक्टर युए तरुण पॉलला त्याची एक जुनी, चिमुकली प्रत भेट देतो. अंतराळात प्रवास करणाऱ्यांसाठी केलेली, इतकी बारीक की सोबत भिंग लागतं. आयोगाच्या जाहीरनाम्याने जे झालं नाही ते खिशात मावणाऱ्या त्या प्रतीने केलं. पुस्तक माणसाच्या हाती पोचलं.

आणि मग येतं श्रद्धेचं शस्त्र. बेने जेसेरिट या स्त्रियांच्या संघटनेची एक शाखा मागास ग्रहांवर जाऊन मुद्दाम दंतकथा पेरते, म्हणजे पुढे कधी संघटनेतली एखादी स्त्री तिथे अडकली तर त्या कथांच्या आधाराने तिचा जीव वाचावा. पॉलची आई जेसिका अराकिसवर येते तेव्हा मेप्स नावाची फ्रेमेन गृहव्यवस्थापिका तिला एक पवित्र सुरा दाखवून पारखते. जेसिकाला पुरतं उत्तर माहीत नाही. अंदाजाने ती वाक्य सुरू करते, ‘मेकर’ हा एकच शब्द तोंडून निघतो आणि मेप्स हंबरडा फोडते. फ्रेमेनांच्या भाषेत हा शब्द वाळूतल्या प्रचंड कृमींसाठी आहे. जेसिका वाचते, पण पेरलेली कथा इथे किती खोल गेली आहे हे पाहून हादरते. पेरणारीला वाटलं होतं की हे आपलं साधन आहे. ज्यांनी ते पिढ्यानपिढ्या जपलं त्यांच्यासाठी ते सत्य झालं होतं, आणि पुढे पॉललाही ती लाट आवरत नाही.

याच गोष्टीवर रॉजर झेलाझ्नी यांनी १९६७ मध्ये ‘लॉर्ड ऑफ लाइट’ ही कादंबरी लिहिली. दूरच्या ग्रहावर उतरलेल्या जहाजाच्या मूळ कर्मचाऱ्यांकडे यंत्रं आहेत. एका शरीरातून दुसऱ्यात जाण्याची किमयाही आहे. त्या जोरावर ते ब्रह्मा, यम, काली अशी नावं घेऊन राज्य करतात. बाकीची प्रजा त्यांची आणि जहाजावरच्या प्रवाशांची वंशज, पण तिला मुद्दाम मागास ठेवलेलं. नवं शरीर हवं असेल तर कर्माचे अधिकारी तुमचं मन यंत्राने तपासतात आणि कोण बंडखोर, कोण आज्ञाधारक हे बघून निवाडा देतात. नाणं टाकून चालणारी प्रार्थनेची यंत्रंसुद्धा आहेत. आपल्या ओळखीच्या देवांची नावं अशी वापरलेली वाचून सुरुवातीला मी बिचकलो होतो. पण लेखकाचा रोख श्रद्धेवर नाही, पुनर्जन्माची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणाऱ्यांवर आहे, आणि ती टीका मला पटते.

या सत्तेविरुद्ध सॅम नावाचा बंडखोर उभा राहतो. त्याला पृथ्वीवरची बुद्धाची शिकवण आठवते आणि तो ती राजकीय हत्यार म्हणून आणतो. स्वतः बुद्ध म्हणून वावरतो, पण त्याचा त्यावर विश्वास नाही. काली त्याला मारायला रिल्ड नावाचा मारेकरी पाठवते. वाटेत रिल्डला तापाने गाठलेलं असतं, भिक्षू त्याची शुश्रूषा करतात, तो बरा होतो आणि तिथेच राहतो. काही काळाने सॅमच्या लक्षात येतं की आपण उसनी आणलेली शिकवण या माणसात खरी झाली आहे. स्वतः यम सॅमला मारायला येतो तेव्हा नदीपाशी त्याची वाट अडवायला रिल्ड जातो आणि लढता लढता मरतो. गुरू खोटा होता, शिष्य खरा निघाला. मिश्रधर्मांवरच्या साहित्यात याहून मोठं मला काही सापडलेलं नाही.

कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘कॅट्स क्रेडल’मध्ये (१९६३) बोकोनन हा धर्मसंस्थापक स्वतःच सांगतो की माझा धर्म खोट्यांवर उभा आहे. त्याचा आकर्षकपणा वाढावा म्हणून त्यावर ठरवून बंदीही घातली जाते. शिकागो विद्यापीठाने पुढे, १९७१ मध्ये, याच कादंबरीच्या आधारे लेखकाला मानववंशशास्त्राची पदवी दिली. मला ते योग्यच वाटतं.

जमत नाही ते मिश्रण कसं ओळखायचं? ते वरवर सुंदर असतं, पण वाट विचारली की गप्प बसतं. २००४ च्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेतले माणसांचे देव ग्रीक नावांचे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध उठलेली यंत्रं एकाच देवाला मानतात. निर्माण केलेल्यांनी निर्मात्यांचे अनेक देव नाकारून एक देव धरणं, ही फार ताकदीची कल्पना आहे आणि मालिकेने ती मनापासून पेलली. पण शीर्षकसंगीतात गायत्री मंत्राचे शब्द येतात. ते कानाला गंभीर वाटतात. या लोकांपर्यंत ते कसे पोचले याचा मात्र पत्ता लागत नाही. दूरचं, प्राचीन, गूढ काही तरी हवं म्हणून कोणाची तरी जिवंत प्रार्थना रंगापुरती वापरली जाते तेव्हा ती म्हणणाऱ्यांना ते लगेच जाणवतं. लेखकांनी याची काळजी घ्यायला हवी असं मला कळकळीने वाटतं. आणखी एक खूण म्हणजे एकमत. ज्या ग्रहावर सगळे एकाच तऱ्हेने पूजा करतात, कोणी पंथ फोडत नाही, कोणी जुन्या पद्धतीसाठी हटून बसत नाही, तिथला धर्म अजून कागदावरच आहे.

फार विचित्र मिश्रण मात्र दोष मानू नये. व्हिएतनाममध्ये १९२६ साली स्थापन झालेल्या काओ दाई धर्मात बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस परंपरा एकत्र आहेत, रचना कॅथलिक चर्चसारखी पोप-कार्डिनलांची आहे, आणि संतांमध्ये फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो आहे. ऐकायला हे अशक्य वाटतं. पण वाट पाहिली की कोडं सुटतं. फ्रेंच राज्यात नोकरी करणारी, फ्रेंच शिकलेली माणसं त्याच्या आरंभी होती, आत्म्यांशी संवाद हा उपासनेचा मोठा भाग होता, आणि ह्यूगो स्वतः जर्सी बेटावर अशा बैठका करत असे.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मध्ये (१९९३) तर धर्म आपल्यासमोर घडतो. कोसळत्या कॅलिफोर्नियात लॉरेन ही बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी ‘परिवर्तन हाच देव’ अशी शिकवण वहीत लिहीत जाते. रस्त्यावर तिच्याबरोबर चालणारे लोक वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे आहेत, ते शंका घेतात, वाद घालतात, तिचं सगळं मान्य करत नाहीत. शेवटी एका जमिनीवर ते थांबतात आणि आपापल्या मेलेल्यांसाठी ओकच्या बिया पुरतात. शिकवण मान्य नसलेलेही त्यात हात लावतात.

कधी कधी हा प्रवाह उलटा वाहतो. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३,९०,१२७ लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ लिहिलं, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या योद्ध्यांचा कल्पित पंथ. बऱ्याच जणांनी ते ईमेलवरच्या आवाहनामुळे केलं होतं. २०११ मध्ये हा आकडा १,७६,६३२ वर आला. २०१६ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने जेडायांच्या एका संघटनेला धर्म म्हणून मान्यता नाकारली.

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ (१९६१) या कादंबरीचं जे झालं ते जास्त विचार करण्यासारखं आहे. मंगळावर वाढलेला माणूस पृथ्वीवर येतो आणि ‘चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स’ नावाचा एक धर्मसंघ काढतो. मंगळावर पाणी दुर्मीळ, म्हणून पाणी वाटून पिणं हे तिथलं सगळ्यात पवित्र नातं. १९६२ मध्ये मिसुरीतल्या काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे वाचून खरोखरच एकमेकांशी पाणी वाटून घेतलं आणि त्यातून त्याच नावाची संस्था उभी राहिली. लेखकाने ती काढली नव्हती. पुढच्या वर्षांत तिच्या सभासदांनी मंगळ बाजूला ठेवला आणि निसर्गपूजा, पृथ्वीला जिवंत देवता मानणं, जुन्या युरोपीय देवीदेवतांची उपासना हे सगळं आणलं. १९६८ पासून ते स्वतःचं नियतकालिक काढू लागले आणि अमेरिकेतल्या नव्या निसर्गपूजक पंथांच्या बांधणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. पाणी वाटून पिण्याचा विधी त्यांनी सोडला नाही. तहानेशी त्याचा संबंध मात्र उरला नाही, तो आपसातल्या नात्याची खूण झाला.